अंधारात दिसायला वेळ का लागतो? दंडाकार पेशींतल्या प्रथिनांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकमध्ये अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. दर हिवाळ्यात मुलांना घेऊन पांडवलेणीला जाणं होतं. इतिहासाच्या मॅडम शिलालेख दाखवतात, मी अंधार दाखवतो. तीन नंबरच्या लेण्यातल्या एखाद्या आतल्या खोलीत मुलांना उभं करायचं आणि गप्प राहायचं. पहिल्या मिनिटाला ओरड होते, "सर, काहीच दिसत नाही." जरा वेळाने कोणीतरी म्हणतं, "अरे, इथे दगडाचा ओटा आहे की!" खोलीतला उजेड तेवढाच असतो, बदललेलं असतं ते मुलांच्या डोळ्यांत. त्यावर मुलं, त्यांचे पालक आणि एकदा तर आमच्या बसचे ड्रायव्हर काका यांनी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

दंडाकार पेशी म्हणजे काय?

डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, उजेड टिपणाऱ्या दोन मुख्य जातींच्या पेशी असतात. शंक्वाकार पेशी दिवसा काम करतात आणि रंग ओळखतात. दंडाकार पेशी मंद उजेडासाठी असतात, त्यांना रंग कळत नाही. एका डोळ्यात शंक्वाकार पेशी साधारण ५० ते ६० लाख, तर दंडाकार पेशी ९ ते १२ कोटी. दिवसभर आपण ज्यांच्या जोरावर जगतो त्या अल्पसंख्य आहेत, हे मला स्वतःला शिकवतानाही दरवेळी गमतीचं वाटतं.

दंडाकार पेशीचा बाहेरचा भाग म्हणजे चकत्यांची चळत. एकावर एक भाकऱ्या रचून ठेवाव्यात तशा सुमारे हजार पातळ चकत्या, आणि त्यांच्या पापुद्र्यात रोडॉप्सिन नावाचं प्रथिन खच्चून भरलेलं. त्याखाली एक अगदी बारीक मान. मानेखाली आतला भाग, जिथे पेशीचं वीजघर आणि स्वयंपाकघर असतं. ही मान लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

उजेड पडला की ही पेशी चालू होते, बरोबर?

चूक, आणि परीक्षेत सगळ्यात जास्त गुण इथेच जातात. दंडाकार पेशी अंधारात चालू असते आणि उजेड तिला बंद करतो.

अंधारात पेशीच्या बाहेरच्या भागातली दारं उघडी असतात. त्यांतून सोडियम आणि थोडं कॅल्शियम आत वाहत राहतं. आतल्या भागातले पंप ते सोडियम अखंड बाहेर उपसत असतात. या वाहत्या प्रवाहाला शास्त्रज्ञ अंधाराचा प्रवाह म्हणतात. त्यामुळे पेशीचा विद्युतदाब उणे ४० मिलिव्होल्टच्या आसपास राहतो आणि ती पुढच्या पेशीला ग्लुटामेट हे रसायन सतत पाठवत राहते. उजेड पडला की दारं मिटतात, दाब उणे ७०च्या दिशेने घसरतो आणि ग्लुटामेट कमी होतं. पुढच्या पेशीला कळतं, "बोलणारा गप्प झाला, म्हणजे उजेड आला."

हे टप्प्याटप्प्याने होतं, दिव्याच्या बटणासारखं खटकन नाही. नाशिककरांना हे समजवायला मी दुतोंड्या मारुती वापरतो, म्हणजे गोदावरीच्या पात्रातली ती मूर्ती, जिच्यावरून पुराची पातळी सांगतात. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आपण काय विचारतो? पाणी गुडघ्याला लागलं का, कमरेला लागलं का, गळ्यापर्यंत आलं का? पूर "आला" किंवा "नाही आला" एवढ्यावर कोणी थांबत नाही. दंडाकार पेशीचा दाबही असाच मापाने चढतो-उतरतो.

अंधारात पेशी एवढे कष्ट करते म्हणजे तिला ऊर्जा जास्त लागते. उजेडात दारं मिटली की पंपांचं काम हलकं होतं आणि खर्च बराच उतरतो. आपण डोळे मिटून "विश्रांती" देतो तेव्हा या पेशी खरं तर सगळ्यात जास्त राबत असतात.

रोडॉप्सिन उजेड पकडतं म्हणजे नेमकं काय करतं?

रोडॉप्सिनचे दोन भाग. ऑप्सिन हे प्रथिन, ३४८ अमिनो आम्लांची साखळी, पापुद्र्यातून सात वेळा आरपार जाणारी. तिच्या मधोमध बसलेला छोटा रेणू म्हणजे रेटिनाल, जो अ जीवनसत्त्वापासून बनतो. अंधारात हा रेटिनाल अकराव्या कर्बापाशी वाकलेला असतो, गुडघा दुमडून बसल्यासारखा. प्रकाशाचा एक कण त्यावर पडला की तो सरळ होतो. किती वेळात? सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातल्या एका भागाच्या साधारण पाचव्या हिश्श्यात. निसर्गातल्या सर्वांत वेगवान रासायनिक बदलांपैकी हा एक आहे. रेटिनालने पाय ताणला की आजूबाजूच्या ऑप्सिनला आकार बदलावाच लागतो आणि ते जागं होतं.

उजेडाचं काम इथेच संपतं. पुढचं सगळं प्रथिनांनी अंधारात केलं तरी चाललं असतं.

फ्रान्झ बॉल यांनी १८७६ मध्ये बेडकाच्या दृष्टिपटलाचा लालसर-जांभळा रंग उजेडात उडून जातो हे नोंदवलं. जॉर्ज वॉल्ड यांनी १९३३ मध्ये दृष्टिपटलात अ जीवनसत्त्व सापडल्याचं दाखवलं, आणि पुढे या कामासाठी १९६७ चं नोबेल त्यांना राग्नार ग्रानिट आणि हाल्डन केफर हार्टलाइन यांच्यासोबत मिळालं.

एक रेणू जागा झाल्याचं अख्ख्या पेशीला कसं कळतं?

साखळीने. जागं झालेलं रोडॉप्सिन शेजारच्या ट्रान्सड्युसिन या प्रथिनाला उठवतं, आणि एकालाच उठवून थांबत नाही, एकामागून एक डझनावारी उठवत जातं. प्रत्येक ट्रान्सड्युसिन फॉस्फोडायएस्टरेज नावाच्या विकराला (एन्झाइमला) कामाला लावतं. हे विकर सायक्लिक जीएमपी हा रेणू भराभर मोडतं. दारं उघडी ठेवणारी पाचर म्हणजे हाच रेणू. पाचर निघाली की दार मिटतं. एका प्रकाशकणामुळे पेशीची काही टक्के दारं बंद होतात, आणि एवढा बदल मोजता येतो. बेलर, लॅम आणि याऊ यांनी १९७९ मध्ये भेकाच्या एकेका दंडाकार पेशीवर तो मोजून दाखवला.

मग ही साखळी थांबते कशी?

माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला खरा नायक इथे येतो, आणि पाठ्यपुस्तकं त्याला एका ओळीत गुंडाळतात. जागं रोडॉप्सिन नुसतं सोडलं तर ते ट्रान्सड्युसिनला उठवतच राहील, आणि क्षणापूर्वीचं चित्र पुसलंच जाणार नाही. म्हणून आधी एक विकर, रोडॉप्सिन कायनेज, त्याच्या शेपटीवर फॉस्फेटच्या खुणा करतं. त्या खुणा ओळखून अरेस्टिन नावाचं प्रथिन येऊन त्याला घट्ट धरतं. नावातच "अटक" आहे. आता ट्रान्सड्युसिनला रोडॉप्सिनजवळ फिरकता येत नाही. तिकडे ट्रान्सड्युसिनही मदतनीस प्रथिनांच्या जोरावर स्वतःला विझवतं.

कॅल्शियमचाही यात हात आहे. दारं मिटली की आत येणारं कॅल्शियम कमी होतं, आणि ते कमी झालं की नव्या पाचरा बनवणारं विकर जोरात चालू लागतं. दारं पुन्हा उघडायची सोय दारं मिटण्यातच करून ठेवलेली.

प्रथिनं दिवसा आणि रात्री जागा बदलतात, हे खरं आहे का?

खरं आहे, आणि हे सांगितलं की वर्गातली मागची बाकंसुद्धा ऐकायला लागतात.

ती बारीक मान आठवा. उंदीर, बेडूक अशा प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की अंधारात जवळजवळ सगळं ट्रान्सड्युसिन बाहेरच्या भागात, चकत्यांपाशी असतं, तर अरेस्टिन बहुतांश मानेच्या खाली, आतल्या भागात. प्रखर उजेड पडला की उलटं होतं. काही मिनिटांत अरेस्टिन वर चकत्यांकडे सरकतं, आणि काही दहा मिनिटांत ट्रान्सड्युसिनचा मोठा हिस्सा मान ओलांडून खाली उतरतो. दिवसा वर अटक करणाऱ्यांची गर्दी, उठवणारे मोजकेच. पेशी आपली संवेदनशीलताच उतरवून ठेवते. जेवढं ट्रान्सड्युसिन वर कमी, तेवढा प्रत्येक प्रकाशकणाचा आवाज बारीक.

अंधार पडला की परतीचा प्रवास, पण ट्रान्सड्युसिनला परतायला तास लागतात. उतरायला पटकन, चढायला सावकाश. सप्तशृंगीच्या पायऱ्यांवरून आलेल्या कोणालाही हे वेगळं सांगायला नको.

ही ये-जा होते कशी? ट्रान्सड्युसिनचे दोन तुकडे मेदाच्या शेपट्यांनी पापुद्र्याला चिकटलेले असतात. दोघे जोडीने असले की पकड पक्की. उजेडाने साखळी चालू झाली की ते सुटे होतात, पकड सैल पडते आणि ते पापुद्रा सोडून वाहून जाऊ शकतात. मंद उजेडात हे होत नाही, कारण सुटलेल्या तुकड्यांना धरून ठेवायला फॉस्फोडायएस्टरेज पुरेसं असतं. म्हणजे ऊन असलं तरच स्थलांतर, चांदण्यात नाही. अरेस्टिन वर का जातं, नुसतं पसरत जाऊन रोडॉप्सिनला अडकतं की पेशी त्याला ढकलते, यावर संशोधकांत बराच काळ वाद झाला आहे. फायदा काय, तर प्रखर उजेडाच्या माऱ्यापासून पेशीचं रक्षण, हे बहुतेकांना पटतं. उगाच चालणारी साखळी पेशीला मारू शकते.

मग लेण्यात पूर्ण दिसायला किती वेळ लागेल?

उन्हातून आत गेलात तर पहिल्या ८-१० मिनिटांत जी सुधारणा होते ती मुख्यतः शंक्वाकार पेशींची असते. दगडाचा ओटा दिसणं हे त्यांचंच कर्तृत्व. त्यांची मजल तिथे संपते आणि मग दंडाकार पेशी पुढे निघतात. पूर्ण सरावायला ३० ते ४० मिनिटं लागतात. मुख्य अडसर म्हणजे उन्हात उडालेलं रोडॉप्सिन पुन्हा बनवणं. सरळ झालेला रेटिनाल ऑप्सिनला सोडतो, शेजारच्या रंगद्रव्याच्या थरात जातो, तिथे आरपीई६५ नावाचं विकर त्याला पुन्हा वाकवण्याचं काम करतं, आणि तो परत येऊन नव्या ऑप्सिनमध्ये बसतो. एवढी फेरी झाल्याशिवाय पेशी पूर्ण तयार होत नाही. आमच्या सहलीत एवढा वेळ कधीच मिळत नाही, कारण तोवर कोणीतरी डबा उघडलेला असतो.

पण अंधारात बाहुली मोठी होते म्हणूनच दिसतं ना?

थोडंसंच. बाहुली साधारण २ मिलिमीटरपासून ८ पर्यंत रुंदावते, म्हणजे १६ पट जास्त उजेड आत येतो. दुपारचं ऊन आणि चांदण्यांचा उजेड यांतला फरक कोट्यवधी पटींचा. बाकी सगळा भार प्रथिनांवर.

माणसाचा डोळा किती मंद उजेड ओळखू शकतो?

हेक्ट, श्लेअर आणि पिरेन यांनी १९४२ मध्ये मोजलं. दंडाकार पेशींनी पाच ते चौदा प्रकाशकण शोषले तरी माणूस "चमकलं" असं सांगू शकतो. इतके थोडे कण एका छोट्या भागातल्या शेकडो पेशींवर पडतात, म्हणजे प्रत्येक पेशीच्या वाट्याला फार तर एक. तरीही खोटा संदेश जाणं इतकं विरळ असतं, कारण रोडॉप्सिनचा एक रेणू उजेडाशिवाय आपोआप सरळ व्हायला सरासरी शेकडो वर्षं घेतो. पण एका पेशीत असे सुमारे दहा कोटी रेणू, म्हणून दर एक-दोन मिनिटांनी कुठेतरी एक खोटी चमक होतेच. मेंदू ती बहुतेक वेळा दुर्लक्षित करतो.

आकाशदर्शनाला लाल बॅटरीच का?

रोडॉप्सिनला सगळ्यात जास्त आवडतो निळसर हिरवा, ५०० नॅनोमीटरच्या जवळपासचा प्रकाश. गडद लाल त्याला जवळजवळ दिसतच नाही. त्यामुळे लाल उजेडात शंक्वाकार पेशी नकाशा वाचतात आणि दंडाकार पेशी अंधारातच राहतात. अंजनेरीच्या पायथ्याशी एकदा आम्ही चाळीस मिनिटं डोळे मुरवून बसलो होतो, आणि आमच्यातल्याच एकाने वेळ बघायला मोबाइल पूर्ण प्रकाशात पेटवला. त्याला आम्ही अजून बोलतो. बॅटरीला लाल जिलेटिनचा कागद दोन-तीन पदरी बांधला की काम होतं.

आणखी एक युक्ती: अंधुक तारा थेट पाहू नका, किंचित बाजूला नजर ठेवा. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यावर दंडाकार पेशी नसतातच. नजर रोखली की तारा गायब, वळवली की हजर.

रात्री शेताला पाणी भरायला जातो. डोळ्यांचं काय करावं?

हा प्रश्न एका पालकांनी विचारला, निफाडकडचे द्राक्ष बागायतदार. शेतीची लाईट रात्रपाळीला असली की पर्याय नसतो. बॅटरी पायांकडे धरा, समोरच्या माणसाच्या तोंडावर मारू नका, मोबाइल स्क्रीनचा उजेड अगदी कमी ठेवा. एकदा डोळे दिपले की पुन्हा मुरायला पुष्कळ मिनिटं जातात, आणि तेवढ्या वेळात सापही दिसत नाही आणि चारीचा काठही.

बिबट्याचं सांगायचं तर तो आपल्यापेक्षा वरचढ आहे. त्याच्या दृष्टिपटलामागे आरशासारखा थर असतो. पहिल्या फेरीत जो प्रकाशकण पेशींच्या हातून सुटला तो परत येतो आणि त्यांना दुसरी संधी मिळते. उसात चमकणारे डोळे म्हणजे तोच परतीचा उजेड. आपल्याला तो थर नाही.

रातांधळेपणा म्हणजे याच पेशींचा आजार का?

बऱ्याचदा, हो. सगळ्यात जुनं आणि टाळता येणारं कारण म्हणजे अ जीवनसत्त्वाची कमतरता. रेटिनालच कमी पडला तर ऑप्सिन रिकामं राहतं. पहिलं लक्षण म्हणजे मूल तिन्हीसांजेनंतर ठेचकाळतं, ताट चाचपडतं. दुर्लक्ष झालं तर डोळा कोरडा पडतो, पांढऱ्या भागावर फेसाळ डाग येतात आणि शेवटी बुबुळ खराब होऊ शकतं. म्हणूनच सरकारी कार्यक्रमात बाळाला नवव्या महिन्यात गोवराच्या लसीसोबत १ लाख युनिटचा डोस आणि नंतर पाच वर्षांचं होईपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख युनिटचा डोस दिला जातो. पेठ, सुरगाण्याच्या पाड्यांवर आशाताई तो चुकू नये म्हणून घरोघर सांगत फिरतात. त्यांना हसू नका, डोस चुकवू नका.

आहारात शेवग्याचा पाला, लाल भोपळा, पपई, आंबा, गाजर, पालेभाज्या, अंडी, दूध. भाजीला थोडं तेल हवंच, त्याशिवाय हे जीवनसत्त्व अंगी लागत नाही.

मग भरपूर गाजरं खाल्ली तर चष्मा जाईल?

नाही. टाकी भरली की वरून ओतलेलं वाया जातं. मनाने गोळ्या घेतल्या तर यकृताला त्रास होतो, आणि गरोदर बाईने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात घेऊ नयेत.

आनुवंशिक रातांधळेपणा बरा होतो का?

रेटिनायटिस पिगमेंटोसा या आजारात दंडाकार पेशी हळूहळू मरतात. आधी रात्रीचं दिसणं जातं, मग कडेचं, आणि माणूस नळीतून पाहिल्यासारखा पाहू लागतो. रोडॉप्सिनच्या जनुकातला बदल हे त्याचं एक कारण असल्याचं १९९० मध्ये सापडलं. आता अशी डझनावारी जनुकं माहीत आहेत. काही प्रकार आई-वडील दोघांकडून दोष आला तरच होतात, त्यामुळे नात्यातल्या लग्नांत त्यांची शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी लग्न ठरवताना घरात कोणाला रातांधळेपणा असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, एवढंच मी सांगतो आणि एखाद्या आजीची नाराजी ओढवून घेतो.

बहुतेक प्रकारांवर अजून इलाज नाही. पण आरपीई६५ या विकराच्या जनुकात दोष असलेल्यांसाठी जनुक-उपचाराला अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये मान्यता मिळाली.

अरेस्टिन बिघडलं तर काय होतं, याचंही उत्तर निसर्गाने देऊन ठेवलंय. ओगुची यांचा आजार, १९०७ मध्ये जपानमध्ये वर्णन झालेला. त्यात अरेस्टिन किंवा रोडॉप्सिन कायनेज नीट काम करत नाही. अटक होत नाही म्हणून उजेडाचा परिणाम ओसरत नाही, आणि अंधारात सरावायला अर्ध्या तासाऐवजी कित्येक तास लागतात. अशा माणसाचं दृष्टिपटल उजेडात सोनेरी चमकतं आणि बराच वेळ अंधारात राहिल्यावर ती चमक नाहीशी होते.

नागाच्या डोळ्यात मारणाऱ्याचा फोटो राहतो म्हणतात. काही तथ्य?

नागपंचमीच्या आसपास हमखास येणारा प्रश्न! फोटो राहत नाही, नागीण बदला घ्यायला येत नाही. पण कल्पनेच्या शेपटीला खऱ्याचा एक तुकडा आहे. हायडेलबर्गच्या विल्हेल्म क्यूने यांनी १८७० च्या दशकात सशाला आधी अंधारात ठेवलं, मग काही मिनिटं खिडकीकडे तोंड करून बसवलं, मारलं, आणि दृष्टिपटल तुरटीच्या पाण्यात पक्कं केलं. त्यावर खिडकीच्या गजांची पुसट आकृती उमटली होती. जिथे उजेड पडला तिथलं रोडॉप्सिन उडालं, जिथे नाही तिथे राहिलं, एवढाच त्याचा अर्थ. जिवंत डोळ्यात ती आकृती लगेच पुसली जाते आणि एखाद्या खुन्याने आपला चेहरा मिनिटभर स्थिर धरून ठेवावा अशी अपेक्षा नसते.

वय झालं की रात्री गाडी चालवताना त्रास का होतो?

बाहुली लहान होत जाते, भिंग गढूळ होतं आणि रोडॉप्सिन पुन्हा बनायला जास्त वेळ लागतो. कसारा घाटात समोरून वरचा लाईट मारत येणाऱ्या ट्रकनंतर डोळ्यांपुढे जो काळोख राहतो तो पन्नाशीनंतर लांबतो. मोतीबिंदू तपासून घ्या, आणि तोवर रात्रीचा घाट दुसऱ्याला चालवू द्या.

या पेशी झिजत नाहीत का?

झिजतात, पण दुरुस्तही होतात. चकत्यांची चळत खालून वाढते आणि टोकाकडून तुटते. साधारण दहा दिवसांत सगळी नवी होते. तुटलेली टोकं शेजारचा रंगद्रव्याचा थर गिळून टाकतो, आणि हे बहुतेक सकाळी, उजाडल्यानंतर लगेच घडतं. ते काम पहाटे गोदाघाटावर झाडू फिरवणाऱ्यांसारखं चालतं, कोणाच्या लक्षातही येत नाही.

घरी करून बघता येईल असं काही?

संध्याकाळी लख्ख दिव्याखाली बसा आणि एक डोळा तळहाताने किंवा काळ्या फडक्याने पक्का झाका, अगदी फटही राहू देऊ नका. वीस-पंचवीस मिनिटं दुसऱ्या डोळ्याने वाचत राहा. मग दिवे घालवून खोलीत अंधार करा, फडकं काढा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटा. झाकलेल्या डोळ्याला पलंगाची कड, खुर्चीवरचा शर्ट, भिंतीवरचं कॅलेंडर हे सगळं राखाडी रंगात दिसेल. तो मिटून दुसरा उघडा: काळंकुट्ट.